नाटक करते, सर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही — आणि वैशालीला तर नाहीच.

वैशाली माझी धाकटी बहीण. पोलीस भरतीच्या तयारीसाठी आम्ही दोघी खाप्याहून शहरात आलो, प्रताप नगरात खोली केली, क्लास लावला. थंडीत ती माझ्या पुढं धावायची. क्लासच्या सरांच्या तोंडी तिचंच नाव. मी मागून तिची हलती वेणी बघत धावायची — रोज. कसं वाटत असेल?

मग उन्हाळा लागला. सर म्हणाले, होते हळूहळू अंगाला सवय. माझ्या झाली. घाम धो-धो यायचा, दम टिकायचा. तिच्या झालीच नाही. एकाच आईच्या पोटच्या, एकाच ताटात जेवणाऱ्या — पण तिचं अंग कोरडं, तापलेलं. खोलीवर येऊन ओकायची. एकदा माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "ताई, धावता धावता मले काही दिसतच नाही वं. सरले सांग ना."

सांगते म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती मैदानातच बसली. सरांनी मला बाजूला घेतलं. "काहून बसली हे? खरंच तब्येत खराब आहे का?"

मला — खरं सांगू? — तिला तसं बसलेलं बघून बरं वाटत होतं.

"नाटक करते, सर. खोलीवर तर मस्त राहते."

सरांनी तिला जास्तीचे फेरे दिले. ती माझ्याकडे बघत उठली. मी लेस बांधायला वाकले. थोड्याच वेळात ती कोसळली, काहीबाही बरळायला लागली. हात लावला तर चटका बसला.

वाचली. पण उष्माघातानं मेंदूला धक्का बसला. आता भिंत धरून चालते, जीभ जड झाली आहे.

बाबांनी सरांची कॉलर धरली, तेव्हा सर म्हणाले, "हिनंच सांगितलं मला, नाटक करते म्हणून." सगळे माझ्याकडे वळले. मी रडत होते. रडत रडतच म्हणाले, "खोटं बोलून राहिले हे." सरांचे क्लास बंद पडले. मी भरती झाले.

घरी कुणी आलं की वैशाली आजही सांगते — "ताईनं सांगतलं होतं सरले. त्यायनं ऐकलंच नाही." एवढं बोलायला तिला फार वेळ लागतो. मी शेजारीच बसलेली असते.