बाजारात न आलेले बांगडे

दाजीबानपेठेतल्या आमच्या घरात माझ्यासाठी वेगळा साबण होता. मागच्या मोरीत, खिडकीच्या कोनाड्यात, फुटक्या बशीत. शेजारी पिळलेल्या लिंबाच्या साली. संध्याकाळी कामावरून परतले की पुढच्या दारानं आत यायची मला मुभा नव्हती. बोळातून वळसा घालून मागच्या दारानं यायचं, लिंबू चोळायचं, साबण चोळायचा, अंगावरचे कपडे तिथंच बादलीत टाकायचे. मग आई माझे दोन्ही तळवे नाकापाशी नेऊन हुंगायची. पास झाले तर स्वयंपाकघर, नापास झाले तर पुन्हा लिंबू.

"अजून येतंय गं," ती तोंड वाकडं करून म्हणायची. "शी! बाईमाणसाच्या हाताला कसला हा वास!"

बाईमाणसाच्या हाताला तो वास यायचा, कारण मी बांगडे मोजत होते. आमचं घराणं मिरजेकडून व्यापारासाठी इकडं हुबळीला आलेलं. केकमध्ये अंडं नाही ना, हे दुकानदाराला पुन्हा पुन्हा विचारणारं. त्या घरातल्या मुलीनं संख्याशास्त्र शिकावं हे सगळ्यांना चाललं. तेच संख्याशास्त्र तिला मासळी बाजारात नेऊन उभं करेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. माझ्याही नव्हतं. सप्तापूरला एका लहानशा संशोधन कार्यालयात कंत्राटी नोकरी लागली, आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या हातात मोजपट्टी ठोकलेली लाकडी फळी आली. मी आजवर मासा खाल्लेला नाही. मोजलेत मात्र इतके, की आमच्या गल्लीतल्या माणसांपेक्षा माझी बांगड्यांशी जास्त ओळख आहे.

आईला माझ्यापुढं ठेवायला घरातच एक उदाहरण होतं. माझा थोरला भाऊ. आम्ही त्याला अण्णा म्हणतो. आमचे वडील, अप्पा, गेल्यावर त्यानं त्यांचं कापडाचं दुकान बंद केलं आणि अमरगोळच्या मार्केट यार्डात कोंबड्यांच्या खाद्याचा धंदा सुरू केला. मका, सोयापेंड आणि घरात ज्याला सगळे नुसतं 'प्रोटीन' म्हणत त्याची पोती. गोदामातच त्यानं एक न्हाणीघर बांधून घेतलं होतं. घरी निघण्याआधी तिथं अंघोळ करायची, धुतलेला शर्ट घालायचा, थोडं अत्तर लावायचं. तो पुढच्या दारानं आत यायचा. "बघ," आई मला म्हणायची, "दिवसभर धुळीत असतो, पण घरी येताना कसा स्वच्छ येतो माझा लेक!"

आता माझं काम काय होतं ते सांगते, कारण सगळा संताप त्यातच आहे. कारवारच्या किनाऱ्यावरचा बांगडा अजून धड आहे की आपण तो संपवत आणलाय, हे आम्हाला ठरवायचं होतं. समुद्रात जाऊन मासे मोजता येत नाहीत. म्हणून पकडून आणलेल्या माशांची लांबी मोजतात. त्यात मोठे, वयात आलेले मासे भरपूर असतील तर समजायचं, त्यांना वाढायला आणि अंडी घालायला वेळ मिळतोय. पिल्लंच पिल्लं असतील तर समजायचं, मोठे संपले, आता आपण पाळण्यातली उचलायला लागलोय. लहान मासा धरण्यावर आणखी कडक बंधन हवं की नको, याबद्दलचं मत आमच्या अहवालात जाणार होतं. पिल्लं त्या अहवालात मोजली जाणार की नाही, एवढ्यावर सगळं होतं.

प्रकल्पाचे प्रमुख होते आमचे सर. माशांच्या साठ्यांवर जन्मभर शिकवलेला माणूस, आणि कारवारच्या वाटेवर घाट लागला की बसच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून ओकणारा. तेव्हा त्यांनी एक युक्ती काढली होती. कारवारचा बांगडा बर्फातून रोज हुबळीला येतोच, मग हुबळीच्या बाजारातच मोजायचा. मासा तोच, लांबी तीच, उगाच घाट कशाला उतरायचा? ऐकायला हे बिनतोड वाटायचं. समुद्राचा अभ्यास समुद्र न बघता करायची ही सोय फक्त आमच्याकडंच सुचू शकते.

मग मी सकाळी सकाळी बाजारात. चपलेत बर्फाचं पाणी, कोपरापर्यंत चिकटलेले खवले, पायात घोटाळणारी मांजरं. मासे विकणाऱ्या बायका मला हसायच्या. "सगळ्यांना हात लावते, न्यायला एक नेत नाही," असं एकमेकींना सांगायच्या. फळीवर बांगडा ठेवायचा, तोंड खिळ्याला टेकवायचं, शेपटी कुठं येते ते लिहायचं. पुढचा.

महिन्यांमागून महिने मोजून आलेख काढला तर तो डोळ्यांत भरेल असा नेटका. सगळे बांगडे भरलेले, वयात आलेले, जवळपास एका मापाचे. सरांनी कार्यालयात पेढे वाटले. "साठा सुदृढ," ते म्हणाले. त्यांना तो शब्द इतका आवडला की दिवसभर तोच. मला मात्र तो आलेख बघून कसंतरीच व्हायचं. लग्नाच्या हॉलमध्ये शिरावं आणि आत सगळीच माणसं चाळिशीची दिसावीत, एक रांगतं पोर नाही, एक शाळकरी मुलगी नाही, तसं ते होतं. मी विचारलं, "सर, पिल्लं कुठायत?"

"नोडम्मा," सर खुर्चीत मागं रेलून म्हणाले, म्हणजे बघ बाई, "पिल्लं जाळ्यातून निसटतात. याचा अर्थ लोक नियम पाळतायत. आनंदाची गोष्ट आहे की ही!"

त्या माणसाचा तो तृप्त चेहरा अजून आठवतो. मी रजा टाकली आणि कारवारची बस धरली.

धक्क्यावर बोटी लागल्या होत्या. जाळी उपसून मासळीचा ढीग सिमेंटवर ओतला जात होता. बायका उकिडव्या बसून ढीग निवडत होत्या. मोठा बांगडा डावीकडं, बर्फाच्या खोक्यात. ही खोकी बेळगावला, गोव्याला आणि आमच्या हुबळीला जाणार. बोटाएवढी, बोटाहून थोडी मोठी पिल्लं उजवीकडं, उघड्या सिमेंटवर. त्यांना बर्फ नाही. उन्हात त्यांचा चिखल होत होता. मग एक माणूस गमबूट घालून त्या ढिगात उभा राहिला आणि फावड्यानं, वाळू भरावी तशी, ती पिल्लं ट्रकमध्ये भरायला लागला. ट्रकच्या फळ्यांमधून तांबूस पाणी रस्त्यावर गळत होतं. वास असा की डोळे चुरचुरले. मला खरोखर ओकारी आली. सर नव्हते, घाट नव्हता, तरी आली.

ट्रकवाल्याला मी कन्नडमध्ये विचारलं, हे कुठल्या बाजारात जाणार?

"अक्का, अदु तिन्नोदल्ल," तो सहज म्हणाला. खायचं नव्हे ते. फॅक्टरीत जातं, वाळवून पावडर करतात, कोंबड्यांच्या खाद्याला.

मी त्या ढिगातले हाताला येतील तेवढे मासे फळीवर मोजले. काहींची पोटं चिरून बघितली. मोठ्या मादीच्या पोटात अंड्यांची गाबोळी असते. इथं नुसता दोऱ्यासारखा पांढरा धागा. एकदाही अंडी न घातलेले जीव. तारल्यांसारखी दुसरी मासळीही बरीच होती, पण बांगड्याची पिल्लं त्यात भरपूर होती. ती जाळ्यातून निसटत नव्हती. ती फक्त हुबळीला येत नव्हती. आमचा सुंदर आलेख त्या निवडणाऱ्या बायकांनी काढला होता, आणि आम्ही त्यावर पेढे खाल्ले होते.

हुबळीला परतल्यावर दोन-चार दिवसांनी घरचा डबा द्यायला मी अमरगोळला अण्णाच्या गोदामात गेले. आत पाऊल टाकलं आणि थबकले. मक्याच्या, पेंडीच्या वासाखाली तोच वास होता, सुकलेला, जुना, पण तोच. कोपऱ्यात छतापर्यंत पोती रचलेली. एका फुटक्या पोत्यातून तपकिरी भुकटी सांडली होती. पोत्यांसमोर देवीची तसबीर, हार, पेटलेली उदबत्ती.

"हे प्रोटीन म्हणजे मासळी आहे ना, अण्णा?"

"आपण मासे विकतो होय?" तो शांतपणे म्हणाला. "पावडर आहे ती. पोत्यात शिवून येते, पोत्यात शिवून जाते. मी कधी उघडूनसुद्धा बघत नाही."

"मग न्हाणीघर कशाला बांधलंस?"

त्यानं डबा घेतला आणि मला जायला सांगितलं.

आता निदान अहवाल तरी सरळ होईल, असं मला वाटलं. धक्क्यावरची मापं मी आधीच्या मापांत मिळवली. नेटका आलेख मोडला. डावीकडं पिल्लांचा मोठा उंचवटा उभा राहिला आणि 'सुदृढ' हा शब्द लिहायची सोय उरली नाही. सरांनी कागद बघितला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"हे नको," ते म्हणाले. "आपला विषय व्यापारी महत्त्वाचा बांगडा. हा तर कचरा. कचऱ्याला कोण बाजारात घेतं?"

"सर, त्याचीच पिल्लं आहेत ती. आणि तीही विकलीच जातात."

"कोंबड्यांना विकली जातात. आपण कोंबड्यांचा अभ्यास करत नाही, अम्मा." आणि ते स्वतःच्या विनोदावर हसले.

मी म्हटलं, मग माझं नाव काढा. मनात होतं की निदान ते चपापतील. "काढतो की," ते म्हणाले आणि तिथल्या तिथं काढलं. अहवाल गेला. त्यात पिल्लं नव्हती, मीही नव्हते. मला त्या खोलीची, त्या खुर्चीची, पेढ्याच्या रिकाम्या खोक्याचीसुद्धा शिसारी आली.

त्या दिवशी परतताना मी अमरगोळला उतरले. अण्णा घरी गेला होता. हमालाला सांगून फुटक्या पोत्यातली मूठभर भुकटी कागदात बांधून घेतली आणि घरी आले ती बोळातून नव्हे, पुढच्या दारानं. अण्णा अंघोळ करून, अत्तर लावून जेवायला बसला होता. ताटात भाकरी, वांग्याची भाजी, शेंगाचटणी. आई कट्ट्यापाशी उभी होती. मी पुडी कट्ट्यावर ठेवून उघडली.

"काय हे?"

"अण्णाला विचार."

अण्णाचा घास हातातच राहिला. "प्रोटीन आहे, आई," तो खाली बघत म्हणाला. "दुकानातलं."

आई वाकली. माझे तळवे रोज हुंगायची तशीच तिनं ती पुडी हुंगली. तिला कळलं. इतके महिने ज्या वासाला ती रोज नापास करत आली होती, तो तिला कळणार नाही असं होणारच नव्हतं. ती अण्णाकडं बघत राहिली. त्याचा धुतलेला शर्ट, ओले केस. मला वाटलं, आता बोलेल. आता तरी एकजण मोजेल.

आईनं पुडी चिमटीत धरून मागच्या दाराबाहेर टाकली. कट्टा धुतला, पुसला, पुन्हा धुतला. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "तू मागं जा. हात धू." आणि तुपाची वाटी घेऊन अण्णाच्या भाकरीवर तूप घातलं.