समोरच्या पेठेच्या गोलाला टाळी

आता माझ्या टाळीचं काय सांगू तुम्हाला! एकदाच वाजवली, आणि शिवाजी पेठेत तोंड दाखवायची सोय उरली नाही.

गारगोटीच्या शाळेतून रिटायर झालो, बायको गेली, मुलगा पुण्याला. म्हणून कोल्हापुरात, शिवाजी पेठेत खोली घेतली. म्हटलं, गजबजाटात करमेल. कसलं करमतंय! दिवसभरात माझं बोलणं एकच, दूधवाल्याशी: "अर्धा लिटर." घर खायला उठायचं हो!

एका संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर फुटबॉलच्या गप्पा रंगल्या होत्या; इथं पेठेची फुटबॉल टीमसुद्धा तालमीचीच. मी मध्येच तोंड घातलं. "जर्मनीत शाळेच्या पोरांना फुटबॉल कुणी लावला, ठाऊक आहे? एका मास्तरानं! लोक हसले, पण गडी हटला नाही. नियमसुद्धा पोरांना कळतील अशा त्यांच्या भाषेत लिहून काढले."

"मास्तरानं व्हय?" तालमीचे अण्णा खूश. "मग रविवारी मॅचला चला की! आमच्यात बसायचं."

आमच्यात! डोळ्यात पाणीच आलं बघा.

रविवारी खांद्याला खांदा लावून बसलो. कुणी शेंगदाणे देतंय, कुणी पाणी. तेवढ्यात समोरच्या पेठेच्या पोरानं काय गोल मारला! मी ताडकन उठलो, कडाडून टाळ्या! "शाब्बास रे पठ्ठ्या!" चांगल्याला चांगलं म्हणायची मास्तरकीची खोड, दुसरं काय?

शेंगदाणे घेऊन पुढं आलेला हात मागं गेला.

"मास्तर, तुमी नक्की कुणाच्यातलं?" अण्णांनी विचारलं.

"खेळाच्यातला," मी म्हणालो. आता बोला! कोल्हापुरात असं कुणी असतंय का?

आम्ही हरलो. तिकडं समोरच्या पेठेला माझा पुळका आला. "त्यांच्यात बसून आपल्याला टाळ्या? उचला रं म्हाताऱ्याला!" खांद्यावर घेतलं, गुलालानं माखलं आणि हलगी वाजवत थेट माझ्या दारात, शिवाजी पेठेत आणून सोडलं. गल्लीतल्या खिडक्या धाडधाड बंद झाल्या.

दुसऱ्या दिवसापासून दूधवालासुद्धा पिशवी कडीला अडकवून पसार. "अर्धा लिटर" म्हणायचीही चोरी. रडू यायचं, खोटं कशाला सांगू?

आणि एक दिवस दारावर थाप. अण्णा!

"मास्तर, दुसऱ्या कपाची फायनल हाय. परत त्यांच्याशीच. यायचं."

मी चप्पल शोधायलाच धावलो. "आलो! कुठं बसू?"

"त्यांच्यात. तुमी ज्यांच्यात बसतासा, ते हरत्यात."

अण्णा गेले न गेले तोच समोरच्या पेठेची दोघं हजर. "मास्तर, फायनलला शिवाजी पेठेतच बसा, बरं का!"

बघा, पूर्वी मला कुत्रं विचारत नव्हतं. आता दोन्ही पेठा घरी येऊन आमंत्रण देतात. फक्त आपल्यात कुणी बसवून घेत नाही!