बर्फ उपसल्याची पत्रं

बाळ अठ्ठेचाळीस साली इंजिनिअरिंग शिकायला अमेरिकेला गेला, तेव्हा त्याच्या आणि मंदाकिनीच्या लग्नाला जेमतेम पाच महिने झाले होते. दोन वर्षांत परत येतो, असं सांगून गेला होता. ती टेंभी नाक्याजवळच्या घरात सासूसासऱ्यांपाशी राहिली.

पत्र यायचं ते सासऱ्यांच्या, त्र्यंबकरावांच्या नावावर. जेवणं झाली की ते चष्मा पुसून मोठ्यानं वाचून दाखवत. हिवाळ्यातल्या पत्रांत बर्फच बर्फ. एका रात्रीत कमरेइतका साचतो. घरापासून रस्त्यापर्यंतची वाट फावड्यानं उपसल्याशिवाय मोटार बाहेर निघत नाही. खालचा थर काचेसारखा गोठतो, त्यावर मीठ पसरावं लागतं.

"मीठ?" सासूबाईंना दर वेळी नवल वाटे. "अख्ख्या वाटेवर?"

मंदाकिनीला त्याच्या हातांची काळजी. तिनं लोकरीचे हातमोजे विणून धाडले. एकदा विचारलंही, "मामंजी, हे तर एका म्हातारीकडे खोली घेऊन राहतात ना? मग वाट यांनाच का उपसावी लागते?"

"स्वभावच त्याचा," म्हणत त्र्यंबकरावांनी पत्राची घडी घातली.

एक्कावन्न साली तिला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला जायचं होतं. त्र्यंबकरावांनी बाळला पत्र घातलं. महिन्याभरानं म्हणाले, "नको म्हणतो. तू घरातच असावंस, असं वाटतं त्याला." तिनं अर्ज फाडला. त्याला आपल्याबद्दल काही वाटतं, याचंच तिला तेव्हा सुख झालं होतं.

पंचावन्नच्या फेब्रुवारीत त्र्यंबकराव कल्याणला मुंजीला गेले होते, तेव्हा पोस्टमन आला. सासूबाईंना लिहितावाचता येत नसे. "वाच गं तूच. मला धीर धरवत नाही."

ती वाचू लागली. 'यंदा बर्फ फार. मी आणि रूथनं मिळून तीन तास वाट उपसली. लिंडा खिडकीतून टाळ्या पिटत होती. तिला आता तिसरं लागलं.' एक शब्द न गाळता मंदाकिनी पुढे वाचत गेली. 'मंदाकिनीला अजून सांगितलं नसेल तर आता सांगाच. चार वर्षं मी हेच लिहितो आहे.'

सासूबाई भिंतीला टेकल्या. "मला नाही गं कधी वाचून दाखवलं हे."

संध्याकाळी त्र्यंबकराव आले. तिनं जुनी पत्रं मागितली. त्यांनी कपाटाची किल्ली काढून दिली. एक्कावन्नचं पत्र तळाशी होतं. 'तिला जरूर शिकू द्या. माझ्यासाठी अडवू नका.'

ते तिनं दोनदा वाचलं.

"ते तिकडे लांब राहून फसवत होते," ती म्हणाली. "तुम्ही रोज माझ्या हातचं जेवत होता, मामंजी."

"तुझ्या भल्यासाठीच केलं, पोरी. लोक काय म्हणाले असते? आणि वाटायचं, येईल परत."

"भलं कशात ते मी ठरवलं असतं."

जूनमध्ये ती ट्रेनिंगला गेली. सासूबाईंनी तिची ट्रंक स्वतः भरली आणि नवऱ्याशी कित्येक दिवस बोलणं टाकलं. मंदाकिनीला पुढे कल्याणच्या एका मुलींच्या शाळेत नोकरी लागली. तिनं काडीमोडही रीतसर घेतला.

एका रविवारी त्र्यंबकराव तिच्या बिऱ्हाडी आले. दारातच म्हणाले, "चुकलं माझं." तिनं त्यांना आत बसवलं, चहा दिला, सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली. माफ केलं, असं मात्र म्हणाली नाही. त्यांनी दुसऱ्यांदा विषय काढला, तेव्हा तिनं वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला आणि तपासायला घेतला.