उजवी बाजू झाली

गाडीजवळ जाण्याआधी मामा बोटातली अंगठी आणि मनगटावरचं घड्याळ काढायचे, रुमालात बांधून खिशात ठेवायचे. पट्ट्याचं बक्कल कमरेच्या बाजूला सरकवायचे, म्हणजे वाकल्यावर रंगाला लागायला नको. क्लेची, म्हणजे गाडीचा रंग साफ करायच्या चिकट मातीची, नवी वडी सुरीने कापायची नाही, दोऱ्याने कापायची. थंडीत त्यातला एक तुकडा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून काखेत धरायचे, मऊ व्हायला, आणि तसेच अवघडून चहा प्यायचे. जाता-येता भिंत, टेबल, दाराची चौकट, जे समोर येईल त्यावरून हात फिरवायचे. माझ्या काउंटरवरूनही. तिथे खडबडीत लागलं की माझ्याकडे बघायचे, जणू ते मीच केलंय. क्लेचा तुकडा जमिनीवर पडला की थेट कचऱ्याच्या डब्यात, मग तो पाच मिनिटांपूर्वी कापलेला का असेना. टाकताना म्हणायचे, "गेला बिचारा."

यातलं काही मी कधी लिहून ठेवलं नव्हतं. गुरुवारपासून एकेक आठवतंय.

सगळे त्यांना मामा म्हणायचे. गाड्या धुऊन चमकवायच्या आमच्या वर्कशॉपमध्ये ते बावीस वर्षं होते. मी तिथे काउंटरवर बसते. साहित्यात एम.ए. झाले आणि दुसरं काही मिळेपर्यंत म्हणून आले, त्याला दोन वर्षं झाली. पहिल्याच दिवशी मामांनी विचारलं, "एम.ए. म्हणजे काय काय येतं?"

"पुस्तकं वाचता येतात."

"बरं आहे. इथे वाचायला फक्त नंबरप्लेटा आहेत, मास्तरीणबाई."

तेव्हापासून मी मास्तरीणबाई.

मामांचं काम क्ले मारण्याचं. गाडी धुतली तरी तिच्या रंगात काही कण रुतून राहतात. ब्रेकमधून उडालेली लोखंडाची धूळ, झाडाचा चीक, कुठल्या तरी दाराला मारलेल्या रंगाचे तुषार. डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांना लागतात. रंगावर बुळबुळीत पाणी फवारायचं आणि क्लेचा चपटा तुकडा अलगद पुढेमागे फिरवायचा. तो कण ओढून घेतो. आधी हात अडखळतो, मग सरकतो. तुकडा मळला की दुमडायचा, आतली स्वच्छ बाजू वर आणायची आणि पुढे जायचं. घाई केली, जोर दिला, तर तेच कण रंगावर ओरखडे काढतात. म्हणून हे काम हाताचं आहे. मशीनला ते येत नाही.

मागच्या वर्षी एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. "हात धुऊन या. साबणाने." मग माझ्या हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवली. पिशवीतून बारीकसा कणही मोठा लागतो. "या दारावरून फिरवा. कसं लागतंय?"

"खडबडीत."

"खडबडीत तर रस्ताही असतो. एवढं शिकलात ना? नीट सांगा."

मी पुन्हा हात फिरवला. "दोन दिवसांच्या दाढीसारखं."

"हां! कुठे?"

"आरशाच्या खाली. चार बोटं."

त्यांनी तिथे पाणी फवारलं, क्ले फिरवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझ्या बोटांना आताशा काही कळत नाही. हातमोजे घातल्यासारखं वाटतं. कुणाला बोलू नका."

रक्तातली साखर वाढली होती. गल्लीतल्या डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात तपासण्या करून घ्यायला सांगितलं होतं आणि चिठ्ठी दिली होती. चिठ्ठी शर्टाच्या खिशात राहिली. शर्ट धुतला गेला, चिठ्ठीही धुतली गेली. दुसरी आणायला मामा गेले नाहीत.

कारण माझ्या डोळ्यांसमोरच बसलेलं होतं. आमचे जुने पॉलिशवाले. त्यांची कंबर गेली, तेव्हा मालकांनी त्यांना काढलं नाही, सीट पुसायला आणि पायपुसण्या झटकायला बसवलं. मालक माणूस चांगला आहे. पण पॉलिशवाले तेव्हापासून कुणाशी धड बोलत नाहीत. मामा त्यांच्याकडे बघत म्हणायचे, "उद्या तिथे दोन स्टुलं लागतील."

म्हणून वर्षभर मी मामांची बोटं झाले. मालक केबिनमध्ये गेले की मी काउंटर सोडून यायची, हात फिरवायची, सांगायची. बारीक रवा. वाळलेली साय. मांजराची जीभ. मामा खूश व्हायचे. "तुमच्या एम.ए.चा कुणाला तरी उपयोग झाला."

मलाही मजा वाटायची. ते खरं आहे, म्हणून लिहिते.

दोन महिन्यांपूर्वी मला ताप आला. तीन दिवस गेले नाही. त्याच दिवसांत एक मोठी काळी गाडी आली. काळ्या रंगावर सगळं दिसतं. पुढे काय झालं ते मामांनीच मला सांगितलं.

"तुकडा हातातून पडला, ते कळलंच नाही. हात रिकामाच फिरत होता. खाली बघतो तर चाकाजवळ पडलेला."

"मग टाकला नाहीत?"

"सकाळपासून तो तिसरा होता. चौथा मागायला केबिनमध्ये जावं लागलं असतं. साहेब म्हणाले असते, मामा, आज काय चाललंय? म्हणून उचलला. तीनदा मळून घेतला, वाळूचा कण राहिलाय का ते बोटाने चाचपून बघितलं. काही लागलं नाही."

गाडी बाहेर उन्हात आणल्यावर दारावर ओरखडे दिसले. गोल गोल, कोळ्याच्या जाळ्यासारखे.

मालक म्हणाले, "मामा, तुमच्या हातून?"

"डोळे, साहेब. नंबर लागलाय."

डोळ्यांवर उपाय असतो, बोटांवर नसतो, हा त्यांचा हिशेब. दुसऱ्या दिवशी ते चष्मा लावून आले. साधी काच. दृष्टी त्यांची ठणठणीत होती, फाटकातून शिरणाऱ्या गाडीचा नंबर ते माझ्याआधी वाचायचे. मालकांना पटलं. ओरखडे मशीनने काढले गेले, विषय मिटला. मामा चष्म्याच्या वरून बघत मला म्हणाले, "आता मीही एम.ए. दिसतो."

मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "दवाखान्यात जा. नाहीतर मी साहेबांना सांगते."

"सांगाल?"

"सांगेन."

मी सांगितलं नाही. दर आठवड्याला फक्त धमकी दिली. दर आठवड्याला ते म्हणाले, "ही गाडी होऊ दे."

शेवटची गाडी लाल होती. एका निवृत्त बस ड्रायव्हरची, वीस वर्षांची. त्यांना ती नातीला द्यायची होती. "नवी दिसायला नको," ते म्हणाले होते, "पण हात लावावासा वाटला पाहिजे." मामांना हे बोलणं फार आवडलं. या वेळी स्वतःहून म्हणाले, "गुरुवारी सकाळी दवाखाना. नक्की. मामीलाही सांगितलंय."

बुधवारी त्यांनी बॉनेटच्या मधोमध चिकटपट्टी लावली. आधी उजवी बाजू, मग डावी. काम करताना दोनदा पालथ्या बादलीवर बसले. एरवी ते बसत नसत.

"काय झालं?"

"दमलोय. चार दिवस झाले, नुसतं दमायला होतंय."

"वय झालं, मामा."

हे मी बोलले.

पाच वाजता त्यांनी पिशवी पुढे केली. मी उजव्या बाजूवरून हात फिरवला. शब्द शोधला, सापडला नाही.

"काहीच लागत नाही."

"हेच पाहिजे," ते म्हणाले. मग हसले. "मला तर हल्ली सगळ्याच गाड्या अशा लागतात."

बादलीच्या झाकणावर तुकडा ठेवून त्यावर ओलं फडकं टाकलं. अंगठी घातली, घड्याळ घातलं. "उजवी बाजू झाली. डावी उद्या, दवाखान्यातून आल्यावर."

गुरुवारी सकाळी आठ वाजता मामींचा फोन आला. बूट घालायला म्हणून मामा खुर्चीत बसले, ते उठलेच नाहीत.

दवाखान्यात डॉक्टर मामींना विचारत होते, छातीत दुखतंय असं म्हणाले होते का? मामी म्हणाल्या, "नाही हो. नुसतं दमलोय म्हणत होते." डॉक्टर म्हणाले, साखर जुनी असली की कधी कधी छातीतलं दुखणंही कळत नाही. मी शेजारी उभी होते. मामींच्या हातात त्यांचा शर्ट होता. खिशातून त्यांनी चष्मा काढला आणि मला विचारलं, "हा कुणाचा? यांना तर चष्मा नव्हता."

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. माझ्यावर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी हात फिरवला नसता, तर मामा मागच्याच वर्षी पकडले गेले असते. पॉलिशवाल्यांच्या शेजारी स्टुलावर बसून पायपुसण्या झटकत असते. माझ्याशी बोलले नसते.

आज शनिवार. लाल गाडी तशीच आहे. बॉनेटवर मधोमध पट्टी. मालक दोनदा जवळ आले आणि परत गेले. फडकं वाळलंय. त्याखाली तुकडा आहे, त्यावर मामांच्या चार बोटांचे ठसे आहेत. दुपारी मी हात धुतले, साबणाने, आणि पिशवी चढवली. उजवीकडे काहीच लागलं नाही. मग पट्टी ओलांडली.

डावी बाजू दोन दिवसांच्या दाढीसारखी आहे.