भिंतीला न पडलेलं भोक

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी पुण्यातली खोली सोडून गोव्यात आमच्या गावी, इब्रामपूरला आले. भाषांतराचं माझं काम घरून होण्यासारखं होतं, पण ऑफिसचा गावावर विश्वास नव्हता. साहेब म्हणाले, सोमवारपासून पंधरा दिवस बघू. लाइन टिकली तर तिथेच राहा, नाहीतर परत या. म्हणजे मी आईजवळ राहायचं की नाही, हे आता इंटरनेटच्या हातात होतं.

इंटरनेटची पेटी बाहेरच्या खोलीत, कारण खांबावरची तार तिथवरच आली. माझा कॉम्प्युटर मागे, आईच्या खाटेशेजारी, कारण ती आधाराशिवाय उठायची आणि हाक मारायची नाही. मध्ये देवघर. उंबऱ्यावरून वायर नेली असती तर तिची काठी अडकली असती. देवघराच्या चिऱ्याच्या भिंतीला बोटभर भोक पाडलं की काम भागत होतं. मी गवंड्याला सांगूनही ठेवलं होतं.

"देवाक विचारल्याशिवाय नाय," आई म्हणाली.

आमच्याकडे घर, लग्न, जमीन सगळं देवाला विचारून होतं. मूर्तीला दोन्ही अंगांना पाण्याने पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. प्रश्न मनातल्या मनात धरला तरी चालतो. बुधवारी आई रिक्षा करून एकटीच देवळात गेली. मी येते म्हटलं तर "तुका कामा आसत" म्हणून मला घरीच ठेवलं. परत आल्यावर काठी कोपऱ्यात ठेवत ती म्हणाली, "डावी पडली. भितीक भोक मारूचा नाय."

देवाला आमच्या भिंतीत एवढा रस कशाला, असं मी मोठ्याने विचारलं. ती वाल सोलत राहिली. गवंड्याला मी फोन करून नको म्हटलं आणि म्हापशाहून वायरलेस कार्ड आणलं.

या जुन्या डेस्कटॉपला नवं विंडोज पेलवेना, म्हणून त्यात मी लिनक्स घातलं होतं. तेव्हा स्वतःला फार शहाणी समजले होते. शुक्रवारी कॉम्प्युटरचा डबा उघडला, स्क्रू चहाच्या कपात ठेवले, कार्ड खाचेत बसवलं. मशीन सुरू झालं, पण नेटवर्क एकही दिसेना. लिनक्सला कार्ड चालवायला त्याची एक खास फाइल लागते आणि ती इंटरनेटवरून आणावी लागते. इंटरनेट आणण्यासाठी इंटरनेट! खोक्यावरचं नाव बघून मी ती फोनवर उतरवली आणि मशीनमध्ये घातली. काही झालं नाही. शनिवार सगळा यातच गेला. फाइल बदल, मशीन बंद कर, चालू कर. आई खाटेवरून बघत होती. एकदा म्हणाली, "कंटाळलंस तर रवांदे गो." मी तिच्यावर खेकसले. त्याची मला अजून लाज वाटते.

रविवारी सकाळी उशिरा का होईना, अक्कल आली. खोक्याऐवजी मशीनलाच विचारलं की तुझ्यात बसवलंय ते काय आहे. एका ओळीच्या आज्ञेवर त्याने सरळ सांगितलं. खोक्यावर एक नाव होतं, आत चिप दुसऱ्याच कंपनीची. योग्य फाइल मिळाली, मशीन पुन्हा सुरू केलं, आणि पडद्याच्या कोपऱ्यात आमच्या घराच्या नेटवर्कचं नाव आलं.

"लागलं गो, आई! आता मी हयच."

ती हसेल असं वाटलं होतं. ती पदराने चष्मा पुसत राहिली. मग म्हणाली, "मी भितीचा विचारूकच नाय."

"म्हणजे?"

"माझा चेडू हय रवला तर तेचा बरा होतला काय, असा विचारलंय. देव नाय म्हणालो."

चेडू म्हणजे मुलगी; इथे राहून माझं भलं होईल का, एवढंच तिने विचारलं होतं. देवावर माझा विश्वास नाही, पण तिचा आहे. डावी पाकळी पडलेली बघून ही बाई रिक्षात बसून एकटी घरी आली होती.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगलंय आसतंय तर तू गेला आसतंस." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "देवाचा नाय घराक घेऊन इलंय. खय तरी घालूक होया. भितीर घातलंय."

माझ्या राहण्याला आलेला नकार तिने भिंतीवर ढकलला होता, आणि चार दिवस त्या भिंतीवरून मी चरफडले होते. मला रडू आलं आणि ते लपवायला मी उगीचच डब्याचे स्क्रू पिळत बसले.

सोमवारी नऊला कामावर हजर झाले. पंधरा दिवसांत लाइन दोनदा तुटली, साहेबांनी कानाडोळा केला. त्याला आता तीन वर्षं होत आली. मध्ये वायरिंगचा माणूस आला होता, म्हणाला, बाई, इथून भोक पाडलं की स्पीड दुप्पट होईल. मी त्याला भिंतीला हात लावू दिला नाही.