इंदूच्या भट्टीची डावी कूस

आमच्या ह्यांना काशीतल्या ब्रह्माघाटाच्या गल्लीत कुणी बिंदुमाधव म्हणत नाही. सगळ्यांचे ते ‘पंडितजी भट्टीवाले’. वेदपाठशाळेत सात वर्षं घोकलेल्या माणसाला हे नाव! पण लोकांना तरी काय दोष द्यायचा? पंचविशीत असताना हे काचेचे मणी करणाऱ्या एका कारखान्यात सत्यनारायण सांगायला गेले. तिथे एक म्हातारा कारीगर फुटलेल्या भट्टीत कमरेपर्यंत शिरून ती आतून लिंपत होता. पूजा आटोपली, प्रसाद वाटून झाला, यजमान घरी गेले, आणि हे संध्याकाळपर्यंत त्या म्हाताऱ्याचे पाय बघत बसले. घरी आले ते सोवळ्याला सिमेंट फासून. सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. मी नवी नवरी, मला मेलं हसू आवरेना.

त्याला झाली शेहेचाळीस वर्षं. बेकरीवाले, हलवाई, मणीवाले, विद्यापीठातली मडकी भाजणारी पोरं, सगळ्यांच्या भट्ट्यांची मरम्मत ह्यांनी केली. ‘काशीत एक मणिकर्णिका सोडली तर सगळ्या विस्तवांना माझा हात लागलाय,’ असं म्हणतात, आणि मी डोळे वटारते.

साधं सिमेंट आगीत टिकत नाही, त्याचा भुगा होतो. ह्यांचं असतं ते आग सोसणारं. त्यात भाजलेल्या विटांचा चुरा घालायचा आणि पाणी इतकं बेताचं, की बघणाऱ्याला वाटावं हा माणूस कंजूस आहे. मग कालवलेल्या मालाचा मुठीत लाडू वळायचा, वर उडवायचा आणि झेलायचा. फुटला तर पाणी कमी, पसरला तर जास्त. लिंपून झालं की एक दिवस ओल्या पोत्याखाली ठेवायचं, मग वाळवायचं, मग दोन दिवस चार काटक्यांचा मंद विस्तव. आतली ओल सावकाश बाहेर पडली पाहिजे. घाई केली तर तिची वाफ होते आणि ती भिंत फोडूनच निघते. हे सगळं मी जेवताना ऐकलेलं. स्वतः भट्टीपाशी कधी उभी राहिले नव्हते, आणि ऐकलेलंही ह्या कानाने घेऊन त्या कानाने सोडलेलं.

गेल्या वर्षापासून ह्यांचे हात थरथरायला लागले. खोकला तर आधीपासून होताच. त्या धुळीने छातीची वाट लावली होती. डॉक्टरांनी बंद करा म्हणून सांगितलं. आमचा विश्वेश लखनौला बँकेत आहे, तो फोनवर ओरडला, ‘आई, बाबांना सांग, अब बस!’ मी काय कमी सांगितलं? पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. शेवटी एक दिवस भांडणात हेच म्हणाले, “माझं काम बिघडलं ना, की त्या दिवशी थापी खाली ठेवतो. त्याआधी नाही.”

आणि त्याच आठवड्यात इंदू आली. इंदू आमच्याच गल्लीतली, वडिलांच्या मागे त्यांची बेकरी चालवते. पाव, टोस्ट आणि नानखटाई. लाकडांवरची जुनी भट्टी, तिची डावी बाजू आतून पार ढासळली होती. “काका, तुमच्याशिवाय कुणाला हात लावू देणार नाही,” म्हणाली. झालं! हे एक्काहत्तराव्या वर्षी लंगोट कसल्यासारखे तयार.

दोन दिवस आत शिरून लिंपत होते. घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या, आणि जेवताना भात बोटांतून सांडायचा. मी बघितलं न बघितल्यासारखं करायची. मनात म्हणायची, देवा, हे एवढं नीट होऊ दे.

विस्तवाच्या दुसऱ्या दिवशी इंदूने मला बोलावलं. “काकू, उद्या मोठी आग लावायची. तुम्ही सवाष्ण आहात, भट्टीची पूजा करून द्या ना.” हे घाटावर स्नानाला गेले होते. मी हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. आणि मग घरून नेलेलं तांब्याभर गंगाजल भट्टीच्या पोटात ओतलं. उजवीकडे काटक्या जळत होत्या, म्हणून डाव्या बाजूला. अस्सा चर्र आवाज झाला! मी हात जोडले. म्हटलं, अग्निदेवाने घेतलं बाई.

दुसऱ्या दिवशी मोठी आग लागली आणि तासाभरात फटाका फुटल्यासारखं झालं. डाव्या कुशीचा ताटाएवढा पोपडा सुटून निखाऱ्यांत पडला.

भट्टी निवल्यावर हे बॅटरी घेऊन आत बघत राहिले. मीही मागून वाकून बघितलं. बरोब्बर तीच जागा. तापल्या भिंतीवर गार पाणी! घरातला तापलेला तवासुद्धा मी कधी नळाखाली धरला नसता. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

“पाणी जास्त झालं असेल,” हे इंदूला म्हणाले. “लाडू नीट झेलता आला नाही मला. हात गेले, बेटा. दुसरा कारीगर बघ.” घरी येऊन थापी धुतली, पुसली, जुन्या धोतरात गुंडाळली आणि ट्रंकेत ठेवली.

खोटं कशाला बोलू? पहिल्यांदा मला बरंच वाटलं. हेच तर हवं होतं ना मला? छाती वाचली, विश्वेश खूश. मीच मला बजावलं, झाकली मूठ सव्वा लाखाची, शरदिनीबाई, तोंड मिटून बसा.

पण तीन दिवस हे घाटावर गेले नाहीत. चहा गार व्हायचा. सकाळी संध्या करताना आचमनाचं पाणी तळव्यातून गळायचं, आणि हे मंत्र सोडून त्या तळव्याकडे बघत बसायचे. चोरी केलेल्या माणसाने आपलाच हात बघावा तसे. चोर तर इकडे पोळ्या लाटत होता! चौथ्या दिवशी माझ्याच्याने राहवेना. लाटणं टाकलं आणि समोर जाऊन बसले.

“अहो, तुमचे हात नाही चुकले. मी चुकले. पूजेच्या वेळी मी भट्टीत गंगाजल ओतलं.”

हे म्हणाले, “किती?”

“तांब्याभर.”

“पूर्ण तांब्या?”

“पूर्ण.”

“डाव्या बाजूला?”

मी मान हलवली. मला वाटलं, आता कडाडणार. शेहेचाळीस वर्षांचं सगळं काढणार. तर हे हसायलाच लागले. हसता हसता खोकला, खोकता खोकता डोळ्यांना धार. “अगं, म्हणजे माझा लाडू बरोबर होता!”

“बरोबर होता हो,” मी म्हटलं, आणि मलाही रडू फुटलं. “आता काढा ती थापी ट्रंकेतून. जा भट्ट्यांमध्ये. मी अडवणार नाही.”

“नाही,” हे डोळे पुसत म्हणाले. “तेव्हा ठेवली ती हरून ठेवली. आता राजीखुशीने ठेवतो. फक्त इंदूची भट्टी फुटकी टाकून नाही. आणि ती आता तू लिंपायचीस.”

“मी? वेड लागलंय का? अडुसष्ट वर्षांची बाई मी!”

“फोडताना नाही आठवलं वय?”

मी पदर खोचला, तोंडाला फडकं बांधलं. हे भट्टीबाहेर लांब, वाऱ्याकडे पाठ करून स्टुलावर बसले. पाणी मोजून झालं तेव्हा त्यांनी हातानेच थांबवलं. पिशवीतून आमच्या देवघरातली पळी काढली. मापातलं पळीभर पाणी बाहेर टाकलं आणि पळीभर गंगाजल आत घातलं. “हे आधी घालायचं असतं,” एवढंच म्हणाले. मग मी लाडू वळला. पहिला फुटला, दुसरा पसरला. तिसरा झेलला तेव्हा हे “वा!” म्हणाले. लग्नानंतर इतक्या मनापासून माझ्या स्वयंपाकालाही कधी म्हणाले नव्हते.

ह्या खेपेला सगळे दिवस मोजून पाळले. मोठी आग लागली तेव्हा आम्ही तिघं श्वास धरून उभे. एक तास गेला, दोन गेले. भिंत लाल झाली, पण हलली नाही. संध्याकाळी इंदूने पहिल्या घाण्याची नानखटाई ताटलीत आणून दिली.

“काका, पुढे कधी गरज पडली तर कुणाला बोलवू?”

ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. “हिला बोलव. फक्त दारात तांब्या तपासून आत घे.”

इंदू हसत सुटली. ह्यांच्या हातातली नानखटाई थरथरत होती, चुरा धोतरावर सांडत होता. मी तो हात धरला. असा चारचौघांत मी तो कधी धरला नव्हता. मग इंदूसमोर सोडलाही नाही.