पाटावरचे चोवीस शब्द

बोलताना मी नवऱ्याला अहो म्हणते. वहीत म्हणायची गरज नाही.

पिपरी मेघेतला प्लॉट माझा होता. बाबांनी माझ्या नावावर घेऊन दिला होता, चार खांब आणि तारेचं कुंपण. सेवाग्रामला बहीण राहते, तिच्याकडे जाताना मी दर वेळी वाट वाकडी करून तिथं उभी राहायची. दुसरं काही नाही, नुसती उभी राहायची. नवऱ्यानं तो विकला. सही माझीच आहे, मी नाही म्हणू शकले नाही. चार माणसांसमोर माझा आवाज निघत नाही. आलेल्या पैशाचं त्यानं मोबाइलवरून बिटकॉइन घेतलं. का, तर नणंदेचा नवरा म्हणाला म्हणून.

हे जवाई नागपूरचे. दिवसभर गळ्यात इअरफोन लटकवून फिरतात. त्यांनीच गेल्या वर्षी दिवाळीच्या महिनाभर आधी बिटकॉइन जपायचं एक यंत्र आर्वीला आमच्या घरी आणलं. हार्डवेअर वॉलेट असं त्याचं नाव, पण आमच्या घरात त्याला लॉकर म्हणू लागले. अंगठ्याएवढं, एक छोटी काच, दोन बटणं. जवाईंनी अशी दोन घेतली होती, एक आमचं, एक स्वतःचं. आमचं भांड्यांचं दुकान आहे. माझ्या नवऱ्याला कुकरच्या झाकणाचं रबर बसवता येत नाही, गिऱ्हाईक आलं की मला आतून हाक मारतो. तो माणूस हे यंत्र लावायला बसला.

आधी त्यानं मोबाइलवर जवाईंनी आणलेला हिंदीतला व्हिडिओ लावला. सांगणारा माणूस शहाणा होता, सावकाश बोलत होता. बिटकॉइनची नाणी यंत्रात नसतात, तो म्हणाला, यंत्रात फक्त चावी असते. पहिल्यांदा सुरू केलं की ते चोवीस इंग्रजी शब्द दाखवतं. ते पेनानं कागदावर लिहायचे. यंत्र हरवलं, जळलं, तरी शब्द असले की नव्या यंत्रात सगळं परत येतं. आणि ते शब्द दुसऱ्या कुणाला मिळाले, तर त्याला आपल्या यंत्राचीही गरज नाही, तो सगळं घेऊन जाईल. म्हणून फोटो काढायचा नाही, मोबाइलमध्ये लिहायचे नाहीत. कुणाच्या नजरेला पडले अशी शंका जरी आली तरी नवे शब्द काढायचे आणि सगळं तिकडे हलवायचं.

मी पोळ्या करत होते. नवऱ्याचं लक्ष नव्हतं. मधेच दुकानात जायचा, मधेच जवाईंशी गप्पा. त्यामुळे व्हिडिओ तीनदा लागला आणि मी तो तीनदा ऐकला.

मग शब्द लिहायची वेळ आली तेव्हा नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन मला म्हणाला, "तू मागच्या अंगणात जाय. हे गुपिताचं काम हाय."

मी गेले. जवाई यंत्रातून शब्द वाचू लागले, नवरा लिहू लागला. त्याला कमी ऐकू येतं, म्हणून जवाई ओरडून वाचत होते. वर स्पेलिंगही ओरडून सांगत होते. गल्लीकडची खिडकी सताड उघडी. समोरच्या टेलरनं मशीन थांबवून ऐकलं असेल तर नवल नाही. मी अंगणात तुळशीपाशी बसून सगळे चोवीस ऐकले. चौथी शिकलेल्या बाईपासून गुपित राखायचं होतं, गल्लीपासून नव्हतं.

यंत्राचा पिन त्यानं दुकानाच्या फोनचे शेवटचे आकडे ठेवला. तो नंबर दुकानाच्या पाटीवर हातभर मोठ्या अक्षरांत रंगवलेला आहे. हेही मला ते दोघं मोठ्यानं बोलल्यामुळेच कळलं. शब्दांचं कार्ड त्यानं लाल फडक्यात बांधून तिजोरीत ठेवलं आणि आठवडाभर मिशीतल्या मिशीत हसत फिरला. गिऱ्हाइकाला परात दाखवताना सांगायचा, आपला माल आता असा ठेवला हाय की इंग्रज आला तरी सापडणार नाही.

लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे पाट मांडतात. वही, तराजू, चांदीचं नाणं, सासऱ्यांची जुनी मापं. जे धन आहे ते पाटावर आलंच पाहिजे, ही सासऱ्यांची रीत. नणंद आणि जवाई आले होते. संध्याकाळी मी रांगोळी काढली, त्या वर्षी कमळ छान जमलं होतं. नवऱ्यानं तिजोरीतून लाल फडकं काढलं, पाटावर यंत्र ठेवलं, आणि शेजारी कार्ड. घडी उघडून. धन झाकून पूजत नाहीत म्हणाला. त्यावर हळद-कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. जवाई हात जोडून बाजूला उभे. व्हिडिओ त्यांनीच आणला होता.

पूजा झाली, सगळे फराळाला बसले. मी आत चकल्या काढता काढता मोबाइल पाहिला. नवऱ्यानं पाटाचा फोटो स्टेटसला टाकला होता. मला रांगोळी पाहायची होती, म्हणून दोन बोटांनी फोटो मोठा केला. कमळ दिसलं. कमळाच्या वर कार्ड दिसलं. एक एक अक्षर दिसलं.

इंग्रजी वाचता येत नाही, पण अक्षरं मला येतात, कुकरच्या खोक्यांवरून शिकले. नवऱ्याच्या मोबाइलमध्ये कोण नाही. व्यापारी, दलाल, डेपोतले कंडक्टर, कधीतरी एक कढई नेलेली माणसं. त्या सगळ्यांसमोर माझा प्लॉट उघडा पडला होता.

नवऱ्याला आत बोलावून दाखवलं. त्यानं आधी माझ्याकडे, मग फोटोकडे पाहिलं. चेहरा उतरला, पण एक क्षणच. "एक शब्द तर झेंडूखाली हाय," तो म्हणाला. मी त्याला फॅमिली ग्रुप उघडून दाखवला. तिथं त्यानंच फूल वाहण्याआधीचा फोटो टाकला होता. त्यानं दोन्ही फोटो डिलीट केले, झालं म्हणाला, आणि शेव घेऊन बाहेर गेला. स्टेटस किती जणांनी पाहिलं ते मोजायचंही त्याला सुचलं नाही.

बाहेर त्यानं जवाईंना हळूच सांगितलं. जवाई विचार केल्यासारखं करून म्हणाले, "काई टेन्शन नाई. पिन बदलून टाका."

मी लग्नापासून जवाईंशी कधी सरळ बोलले नव्हते. डोक्यावर पदर घेऊन ताट ठेवायचं आणि मागं फिरायचं, एवढंच. ते अर्धं मिनिट मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. डोळ्यांसमोर ते चार खांब येत होते. मग बोलले.

"पिन बदलून काई होत नाई. शब्द बदला लागतात. नवे शब्द काढा अन सगळं तिकडं हलवा. आत्ताच."

नणंदेच्या हातातला लाडू तसाच राहिला. जवाई हसले. "वहिनी, हे कुठून शिकल्या तुमी?"

"तुमी तीनदा व्हिडिओ लावला होता," मी म्हटलं. "मी पोळ्या करून राह्यली होती."

नवरा म्हणाला, तिले काय समजते. मी म्हटलं, लावून पाहा. जवाईंनी लावला. तो हिंदीतला माणूस सावकाश तेच बोलला, माझ्याच शब्दांत म्हणावं इतकं तेच. मग कुणी हसलं नाही.

हलवायचं तर दुसरं यंत्र हवं. मी जवाईंकडे पाहिलं. त्यांचं यंत्र त्यांच्या बॅगेत होतं, आणि निघालं ते सीलबंद. महिनाभर साऱ्या सोयऱ्यांना शिकवत फिरणाऱ्या या माणसानं स्वतःचं खोकं फोडलंही नव्हतं. नणंद त्यांच्याकडे अशी पाहत होती की मला तिची दया आली, आणि जवाईंची मुळीच नाही.

खिडकी मी लावली. नवरा पेन घेऊन बसला तेव्हा त्याच्या हातातून पेन काढून घेतलं. "आता मी लिहीन. तुमी दुकानात बसा."

तो का गेला मला अजून कळलेलं नाही. बहुतेक जवाईंसमोर वाद नको म्हणून. जवाईंनी बटणं कशी दाबायची ते दाखवलं आणि सांगितल्याबरोबर पाठ फिरवून बसले. काचेवर एक एक शब्द आला, मी एक एक अक्षर पाहून उतरवलं, जसं पाटीवर गिरवायचे तसं. यंत्रानं ते परत विचारले, मी एकही चुकले नाही. पिन मी ठेवला. मग जवाईंनी जुन्यातून आधी थोडं पाठवलं, ते पोचलं तेव्हा बाकीचं. सगळं नव्या यंत्रात दिसेपर्यंत मी पाण्याचा घोट घेतला नाही.

माझा प्लॉट परत आलेला नाही. पण त्याचं जे काही उरलं आहे ते माझ्या अक्षरात आहे.

नवरा बाजारात सांगतो की चूक त्यानंच पकडली. सांगू दे. पिन त्यानं दोनदा विचारला, मी म्हटलं गुपिताचं काम हाय. या वर्षी लक्ष्मीपूजनाला त्यानं पाटावर ठेवायला कार्ड मागितलं. रीत मोडायला नको, म्हणून मी यंत्राचं रिकामं खोकं दिलं. त्यानं उघडूनही पाहिलं नाही. कुंकू लावलं, फूल वाहिलं, हात जोडले आणि फोटो काढून स्टेटसला टाकला.